मोरेमीत तंबू कुठे ठोकावा?

बोट्स्वानाच्या मोरेमी अभयारण्यात पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत जाताय, तर एक गोष्ट आधी पचवा: तिथल्या कॅम्पांना कुंपण नसतं. साउथ गेट, थर्ड ब्रिज, झाकानाझा, ख्वाई, कुठेही नाही. थर्ड ब्रिज सगळ्यांत देखणा, पण तिथली माकडं (बबून हो, आपली गरीब वानरं नव्हेत) पक्की दरोडेखोर. आमचा ब्रेड चहा गाळेपर्यंत झाडावर गेला होता. पहिल्या रात्रीसाठी मी साउथ गेट सुचवेन. माउन या जवळच्या शहराहून यायला उशीर झाला तरी फाटकाशीच मुक्काम. बुकिंग मात्र आधीच करा, आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पोचल्यावर आधी जमीन बघा. पाण्याकडे जाणारी, गवत दबून गुळगुळीत झालेली वाट दिसली की ती हिप्पोची. तो रात्री चरायला बाहेर येतो आणि तुमच्या तंबूसाठी वाट बदलत नाही. काठापासून लांबच राहा. मग मान वर करा. सॉसेज ट्रीची फळं दुधी भोपळ्यासारखी लोंबतात, एकेक कित्येक किलोंचं; त्याखाली झोपायचं नाही. कॅमलथॉर्नच्या (तिथली एक बाभूळच) शेंगांचा सडा पडला असेल तर हत्ती येणारच.

संत्री-मोसंबी नेऊच नका, हत्तींना वासानेच कळतं. चपला तंबूच्या आत घ्या, तरस पळवतो. आणि रात्रीचा चहा जरा बेतानेच प्या.