वाचकांचे प्रश्न : लघुपटवाल्यांचा स्वतःचा सर्व्हर

स्वतंत्रपणे लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांना एकमेकांना धरून राहता येईल, अशी आपली जागा इंटरनेटवर हवी, असं म्हणणारी बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत.

कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातले आम्ही चौदाजण लघुपट करतो. मोठ्या साइटवर टाकलेली फिल्म पंधरा दिवसांत गाडली जाते आणि पाहणाऱ्यांशी बोलणंही होत नाही. विकेंद्रित व्यासपीठ उभारायचं तर ब्लॉकचेन लागते का? सुरुवात कुठून करावी?

ब्लॉकचेन अजिबात लागत नाही. फिल्म सोसायट्यांची चळवळ आठवा. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झालं, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. प्रत्येक सोसायटीचे सभासद, वर्गणी आणि नियम आपापले, पण प्रिंट एका सोसायटीकडून दुसरीकडे जायच्या. तुम्हाला हवी असलेली रचना हीच. प्रत्येक गटाचा सर्व्हर स्वतःचा, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिला मान्यता दिली. व्हिडिओसाठी या पद्धतीवर चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे पीअरट्यूब. फ्रान्समधली फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था ते बनवते. ते मोफत आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

कोल्हापूरच्या सर्व्हरवर चढवलेली फिल्म, नागपूरच्या सर्व्हरने तुम्हाला फॉलो केलं असेल तर त्यांच्या यादीतही दिसते. फाइल कोल्हापूरलाच राहते, नागपूरला फक्त नाव, छोटं चित्र, वर्णन आणि दुवा जातो. मॅस्टोडॉन या याच पद्धतीवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर खातं असलेला माणूस तुमचं चॅनेल तिथूनच फॉलो करतो आणि तिथे लिहिलेला अभिप्राय तुमच्या फिल्मखाली उमटतो. फॉलो करणं मात्र आपोआप होत नाही. नवा सर्व्हर रिकामाच असतो. कोणाशी जोडून घ्यायचं हे तुम्हीच एकेक करून ठरवायचं.

आमचा आग्रह आहे की पहिले तीन महिने स्वतःचा सर्व्हर घेऊच नका. एखाद्या चालू पीअरट्यूब सर्व्हरवर, तिथले नियम वाचून, दोन-तीन खाती काढा आणि पाच-सहा फिल्म चढवून बघा. गटातले किती जण खरोखर फिल्म देतात आणि अभिप्राय लिहितात, ते तेवढ्यात कळतं. पुढे हलायचं झालं तर खातं निर्यात करून नव्या सर्व्हरवर आणता येतं. जुने दुवे बदलतात आणि अनुयायी आपोआप सोबत येत नाहीत, म्हणून हे लवकर केलेलं बरं.

दोन गोष्टी नंतर बदलता येत नाहीत असं धरूनच चाला: सर्व्हरचं डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि चॅनेलचं वापरनाव. बाकीचे सर्व्हर तुम्हाला डोमेनवरूनच ओळखतात; ते बदललं की जुनी सगळी जोडणी तुटते. म्हणून डोमेनमध्ये एखाद्या महोत्सवाचं किंवा वर्षाचं नाव घालू नका.

सर्व्हर केवढा घ्यावा? वर्षाला साठेक फिल्म, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांची, असा अंदाज आहे. (अमरावती)

आधी साठवणीचं गणित करू. पीअरट्यूब एका फिल्मच्या वेगवेगळ्या आकारांच्या प्रती बनवतं. १०८०पी साठी ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) धरले, तर वीस मिनिटांचे, म्हणजे १२०० सेकंदांचे ७५० एमबी होतात. ७२०पी ला २.५ एमबीपीएस धरून ३७५ एमबी, ४८०पी ला १.२ धरून १८० आणि ३६०पी ला ०.७ धरून १०५. एकूण सुमारे १.४ जीबी. साठ फिल्मचे ८५ जीबी. दृश्यात पाऊस, गर्दी किंवा ग्रेन असेल तर आकडा वाढतो, म्हणून वर्षाला १२० जीबी धरा.

हे गणित दोन ठिकाणी फसतं. पीअरट्यूबमध्ये एचएलएस आणि वेब व्हिडिओ असे दोन प्रकार आहेत. दोन्ही चालू ठेवले तर प्रत्येक प्रत दोनदा साठते. एचएलएस तेवढं ठेवा. दुसरं, मूळ फाइल जपून ठेवण्याचा पर्याय बंद असू द्या. प्रोरेस ४२२ एचक्यू या मास्टरसाठीच्या जड प्रकारातली १०८०पी, २४ फ्रेमची फाइल १७६ एमबीपीएसची असते. वीस मिनिटांचे २६ जीबी, साठ फिल्मचे दीड टीबीच्या वर. सभासदांना सांगा, चढवायची ती एच.२६४ या हलक्या प्रकारातली १५ ते २० एमबीपीएसची प्रत. ती ३ जीबीच्या आत बसते. मास्टर, म्हणजे मूळ फाइल, ज्याची त्याने दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. हा सर्व्हर प्रदर्शनाची जागा आहे, संग्रहालय नव्हे.

आता डेटा. ७२०पी मध्ये एक फिल्म पाचशे जणांनी पूर्ण पाहिली तर ३७५ एमबी गुणिले ५००, म्हणजे सुमारे १८८ जीबी बाहेर जातात. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे वेगळे पडतात आणि पहिलं जबर बिल तिथूनच येतं. मासिक भाड्यातच काही टीबी डेटा देणारा भाड्याचा सर्व्हर घ्या. तो मुंबईतच हवा असं नाही. फिल्म बफर होऊन चालते, त्यामुळे सर्व्हर युरोपात असला तरी पाहणाऱ्याला फरक जाणवू नये.

सुरुवातीला ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि २०० जीबी डिस्क ठीक आहे. खरा ताण प्रती बनवताना, म्हणजे ट्रान्सकोडिंगच्या वेळी येतो. एका वेळी एकच काम चालू ठेवा, नाहीतर कोणी फिल्म चढवली की बाकीच्यांची अडखळते. गटात कोणाच्या एडिटिंग टेबलावर दमदार संगणक असेल तर रात्री त्याच्यावर पीअरट्यूबचा रिमोट रनर चालवा. सर्व्हर त्याला काम देतो, तो प्रती बनवून परत पाठवतो. रनर स्वतःहून सर्व्हरला जोडला जातो, त्यामुळे घरच्या राउटरवर पोर्ट उघडायची गरज पडत नाही.

सभासदाला २० जीबीची मर्यादा घाला. नोंदणी उघडी ठेवू नका, मंजुरीनेच द्या. उघड्या नोंदणीवर काही दिवसांतच जाहिरातबाजांची खाती दिसू लागतात. आणि ईमेलकडे दुर्लक्ष करू नका. भाड्याच्या सर्व्हरवर २५ क्रमांकाचं पोर्ट बहुधा बंद असतं, म्हणून नोंदणीचं मेल कोणाला मिळतच नाही आणि लोक समजतात की साइट बिघडली. मेल पाठवणारी वेगळी सेवा ५८७ पोर्टवरून जोडा आणि डोमेनला एसपीएफ व डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्याकडूनच आलं हे पटवणाऱ्या नोंदी घाला.

प्रेक्षकांचे फोन एकमेकांना फिल्म पाठवतात, त्यामुळे सर्व्हरचा खर्च वाचतो असं ऐकलं. खरं आहे का? (लातूर)

तत्त्वतः खरं आहे, पण तुमच्या कामी फारसं येणार नाही. एकच फिल्म एकाच वेळी बरेच जण पाहत असतील तरच तुकड्यांची देवाणघेवाण होते. लघुपटाला आठवडाभर विखुरलेले प्रेक्षक येतात. शिवाय पाहणाऱ्याचा डेटा पॅक अपलोडमध्येही खर्ची पडतो आणि त्याचा आयपी पत्ता इतर प्रेक्षकांपर्यंत पोचतो. आम्ही ही सोय बंद ठेवायला सांगू. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून पाहायचा खेळ ठेवलात, तर त्या संध्याकाळपुरती सुरू करा, आणि तसं आधी सांगा.

सबटायटलची फाइल चढवली तर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. इंग्रजी नीट दिसतं. (सोलापूर)

तुमची फाइल जुन्या फाँटमधली आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठलेलं असतं, फाँट फक्त त्याचं रूप बदलतो. ब्राउझरकडे तो फाँट नसतो, म्हणून खालचं खरं अक्षर उघडं पडतं. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग सबटायटलची एसआरटी किंवा व्हीटीटी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. रूपांतरानंतर रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द एकेक करून तपासा. चुका तिथेच राहतात.

सबटायटल चित्रातच छापायची असतील तर वेगळी अडचण येते. ‘चित्रपट’ लिहिलं की वेलांटी ‘च’च्या नंतर पडते आणि ‘त्र’ फुटून ‘त्’ आणि ‘र’ वेगळे दिसतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही, हे त्याचं कारण. ॲडोबी प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा. तरीही आमचं मत असं की छापील सबटायटलांपेक्षा वेगळी फाइल नेहमी चांगली. मराठी आणि इंग्रजी दोन्ही देता येतात, चूक दुरुस्त करायला फिल्म पुन्हा चढवावी लागत नाही, आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला फिल्म कळते.

महोत्सवात पाठवायची फिल्म गटातल्यांना आधी दाखवली तर प्रीमियर गेला असं धरतात का? (पुणे)

महोत्सवागणिक नियम वेगळे. काहींना ऑनलाइन आलेली फिल्म चालते, काहींना अजिबात नाही. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली वाचा. जाहीर प्रदर्शन झालं असं कुणी म्हणू नये, एवढी काळजी सर्व्हरवर घेता येते. ‘अनलिस्टेड’ पुरेसं नाही, दुवा हाती लागला की कोणीही पाहतो. ‘इंटर्नल’ निवडलं तर फक्त तुमच्या सर्व्हरवरचे सभासद, खात्यात शिरल्यावर पाहू शकतात. नोव्हेंबर २०२३ च्या सहाव्या आवृत्तीपासून पासवर्डची सोयही आहे. परीक्षकांना ती द्या आणि निकालानंतर पासवर्ड बदला.

खरा धोका चुकून ‘पब्लिक’ होण्याचा आहे. तासाभरासाठी जरी झालं, तरी फिल्मचं नाव आणि चित्र जोडलेल्या सर्व्हरांकडे गेलेलं असतं. तुम्ही काढून टाकलंत की तसा निरोप त्यांना जातो, पण एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर नोंद तिथे तशीच राहते. म्हणून नव्या फिल्म आधी मॉडरेटरकडे अडतील, हा पर्याय सुरू ठेवा. आणि कच्च्या कटवर सभासदाचं नाव व तारीख छापा. पासवर्डने स्क्रीन रेकॉर्डिंग थांबत नाही.

कोणी कॉपीराइटची तक्रार केली तर जबाबदार कोण, फिल्म करणारा की आम्ही? (रत्नागिरी)

फिल्मची जबाबदारी करणाऱ्याची. पण दुसऱ्यांचा मजकूर ठेवून घेता म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही मध्यस्थ, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण काळजी घेणाऱ्यालाच मिळतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर लावा. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. बाकीच्या मुदती दुरुस्त्यांमुळे बदलतात, ताजी प्रत वकिलाकडून समजून घ्या. कॉपीराइटची रीतसर लेखी तक्रार आली आणि तुमची खात्री पटली, तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार ३६ तासांत फिल्म दिसणं बंद करायचं. २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ती पुन्हा सुरू करता येते. म्हणून फाइल पुसू नका, ब्लॉक करा.

सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांत लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. डेबियन चालणाऱ्या सर्व्हरवर एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचे लॉग सहसा चौदा दिवसांनी पुसले जातात, तो आकडा आधीच बदलून ठेवा.

बहुतेक भांडणं संगीतावरून होतात. फिल्म घेतानाच एक पानी पत्र भरून घ्या: संगीत कोणाचं, परवानगी कुठे आहे, कलाकारांची संमती आहे का. ‘पार्श्वभूमीला दहा सेकंदच वाजतं’ म्हणून कोणाचं गाणं फुकट होत नाही.

मी जर्मनीत असतो. आमच्या गटाचा सर्व्हर दोन वर्षं मी एकटाच सांभाळतो. डोमेन, पासवर्ड, बिल सगळं माझ्या नावावर. आता वेळ मिळत नाही. दुसऱ्याकडे कसं सोपवू?

असे गट मोडतात ते तंत्रामुळे नव्हे, या एका गोष्टीमुळे. फिल्म मोठ्या कंपनीच्या हातातून काढून एकाच मित्राच्या हातात दिली, तर विकेंद्रित काहीच झालं नाही. त्याचं कार्ड संपलं की बिल थकतं, डोमेन जातं आणि चाळीसजणांच्या फिल्म एका रात्रीत गायब होतात. तुम्ही वेळेत विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

पहिलं डोमेन. ते नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करा. संस्था नसेल तर निदान नोंदणीचा ईमेल गटाचा असू द्या, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं तर सूचनाही येणार नाही. एकदम पाच वर्षांचं नूतनीकरण भरा. मग पासवर्ड एका सामायिक पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका, तो तिघांकडे असू द्या. सर्व्हरवर शिरायची एसएसएच किल्ली प्रत्येकाची वेगळी, म्हणजे एखादा सोडून गेला तर तेवढीच काढता येते. पीअरट्यूबमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर दोघे आणि मॉडरेटर तिघे-चौघे ठेवा. सगळ्यांना ॲडमिन करू नका.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसचा रोजचा डम्प (सगळ्या नोंदींची प्रत), कॉन्फिगरेशनची फाइल, आणि व्हिडिओंचा फोल्डर. लोक व्हिडिओ जपतात आणि डेटाबेस विसरतात. प्रत्येक चॅनेलची, बाहेर जाणाऱ्या निरोपांवर सही करायची गुप्त किल्ली त्या डेटाबेसमध्येच असते. तो गेला आणि त्याच डोमेनवर नव्याने मांडणी केली, तर बाकीचे सर्व्हर तुमच्या सह्या ओळखत नाहीत आणि निरोप नाकारतात. त्यांच्याकडच्या यादीत तुम्हाला फॉलो केलेलं दिसतं, अनुयायांपर्यंत पोचत मात्र काही नाही. बॅकअप त्याच कंपनीकडे ठेवू नका.

खर्चासाठी वर्षाची रक्कम सभासदांत वाटून जून महिन्यात एकदाच गोळा करा आणि पुढच्या सहा महिन्यांचं भाडं कायम शिल्लक ठेवा. दर महिन्याला वर्गणीची आठवण करून देत कोणी बसत नाही.

सोपवताना शेवटची परीक्षा अशी घ्या. नव्या माणसाला कोरा सर्व्हर द्या, बॅकअप द्या, तुम्ही लिहून ठेवलेली टिपणं द्या, आणि फोन बंद ठेवा. दुसऱ्या सर्व्हरांना चुकून निरोप जाऊ नयेत म्हणून त्याची बाहेर जाणारी जोडणी तेवढी तोडून ठेवा. एका शनिवारात त्याने साइट उभी करून एक जुनी फिल्म सबटायटलांसह चालवून दाखवली, की सर्व्हरचा कारभार त्याच्याकडे सोपवा. नाही जमलं, तर कुठे अडला ते टिपणात घाला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा करा.