'आय कान्ट फेस इट' म्हणजे सामना नव्हे, 'करवत नाही'

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय की 'आय कुडन्ट फेस ब्रेकफास्ट' ह्याचं मराठी काय करायचं, कारण मुलीच्या इंग्लिशच्या क्लासमधे 'मी नाश्त्याचा सामना करू शकलो नाही' असं वहीत उतरवून दिलंय. ताई, ते आधी खोडा. त्या वाक्याचा अर्थ सरळ आहे, 'सकाळी काही खाववलंच नाही.' पोटात कालवाकालव असेल, रात्रभर जागरण झालं असेल, कुणाची वाईट बातमी आली असेल, पोहे समोर होते पण घास तोंडात घालवेना.

'फेस म्हणजे सामना' हे इतकं पक्कं बसलंय की आता मराठीतच 'फेस करणे' सुरू झालंय. बँकेत गेलं की 'सर्व्हरचा प्रॉब्लेम फेस करतोय आम्ही', मोबाईलच्या दुकानात 'काय इश्यू फेस होतोय तुम्हाला?' अहो, अडचण येते, त्रास होतो, मशीन बंद पडतं, एवढे सगळे शब्द घरात असताना हे कशाला? रोज ऐकतो आणि रोज चिडतो.

चेहरा, प्लॉटच्या जाहिरातीतलं ईस्ट फेसिंग, ते सगळं तुम्हाला माहिती आहे म्हणून सोडतो. नकारातला फेस वेगळाच आहे, आणि तो मला कुठल्या पुस्तकाने नाही, माझ्या काकूने शिकवला.

काकू यावल तालुक्यातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराच्या पुरणपोळ्या तिच्याच हातच्या. सैल कणीक, त्यात पुरणाचा गोळा, आणि मग ती पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. काका गेले त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला लेकी घरी आलेल्या, पुरण वाटून तयार, खापर तापलेलं, काकूने गोळा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि परातीत परत ठेवून उठली. म्हणाली, 'नाही करवत रे भाऊ.' हात धड होते, कला कुठे गेली नव्हती. इंग्रजीत हेच सांगायचं झालं तर 'शी कुडन्ट फेस मेकिंग देम'.

आपल्याकडे ह्यासाठी तीन वेगळी दारं आहेत. 'मला पोळ्या करता येत नाहीत' म्हणजे शिकलेच नाही. 'करू शकत नाही' म्हणजे गॅस संपला, वेळ नाही, काहीतरी आडवं आलं. आणि 'करवत नाही' म्हणजे सगळं आहे पण आतून होत नाही. इंग्रजीत पहिल्या दोघांना 'कान्ट' पुरतं, तिसऱ्यासाठी मात्र त्यांना फेस आणावा लागतो. आपलं काम नुसत्या 'व' वर भागतं. बघवत नाही, ऐकवत नाही, जाववत नाही, सांगवत नाही. एक फरक लक्षात ठेवा, गुडघ्यांमुळे 'चालवत नाही' हे शरीराचं झालं, तिथे फेस चालणार नाही. मन मागे सरत असेल तिथेच.

आता शाळेच्या व्याकरणाशी माझं भांडण. तिथे ह्याला 'शक्य क्रियापद' म्हणतात आणि उदाहरणं देतात 'मला आता चालवते', 'त्याला बसवते' अशी. कोण बोलतं असं? आजारातून उठलेल्या माणसाला आपण 'आता चालवतं का?' विचारतो आणि तो 'हो, चालवतं थोडं' म्हणतो, पण आधी 'चालवत नाही' झालेलं असतं म्हणून. एरवी हे रूप नकारात राहतं, नाहीतर प्रश्नात, 'तुला बघवतं तरी कसं?' ह्याला नुसतं सामर्थ्य म्हणून शिकवणाऱ्यांनी काकूच्या त्या परातीपाशी येऊन बसावं. आणि गंमत बघा, ह्या अर्थाचा इंग्रजी फेससुद्धा असाच वागतो. 'आय कॅन फेस ब्रेकफास्ट' असं कुणी आपणहून म्हणत नाही, 'कान्ट' हवं, 'कुडन्ट' हवं, नाहीतर प्रश्न हवा. दोन इतक्या लांबच्या भाषा आणि दोघींनी ही गोष्ट नकारातच ठेवली, मला ह्याचा फार आनंद होतो.

त्याहून मोठा आनंद त्या शब्दाच्या मुळात आहे. फेस हा इंग्रजीचा घरचा शब्दच नाही, १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन 'फाकिएस' म्हणजे रूप, घडण, आणि ते जोडतात 'फाकेरे' म्हणजे करणे ह्या क्रियापदाशी. आता संस्कृतचा 'धा' धातू घ्या, ठेवणे, घडवणे. संस्कृत आणि लॅटिन दोन्ही जिच्यातून निघाल्या त्या जुन्या मूळ भाषेतला सुरुवातीचा 'ध' लॅटिनमधे 'फ' होतो, आपला धूम, म्हणजे धूर, तिकडे 'फूमुस', तसंच 'धा' आणि 'फाकेरे' एकाच मुळाचे. म्हणजे विधाता, विधान, श्रद्धा आणि फेस ही एकाच खोडाची पानं! इंग्रजी 'डू' पण तिथलाच.

आणि फेस यायच्या आधी इंग्रजांकडे चेहऱ्याला कोणता शब्द होता? एक होता 'अँडव्लिता'. त्यातला 'अँड' म्हणजे 'आणि' नव्हे, तो जुना, अर्थ 'समोर, विरुद्ध', आणि पुढचा भाग 'बघणे'. समोर बघतं ते तोंड. (तोच 'अँड' आजच्या 'आन्सर' मधे लपलाय, समोरच्याला उलट शपथेवर बोलणं.) तो शब्द मेला, आणि १५व्या शतकात फेसचं क्रियापद होऊन त्याचा अर्थ झाला छाती काढून समोर उभं राहणं. माझं मत असं की मेलेल्या शब्दातलं 'समोर बघणं' नव्या शब्दात शिरलं. हे मी कुठे वाचलेलं नाही, पण मला ते पटतं. आपलं तोंड संस्कृत 'तुण्ड' वरून, म्हणजे चोच, वक्रतुंडातलं. त्या चोचीवरून आपणही 'तोंड देणे' केलंच की, बहात्तरच्या दुष्काळाला लोकांनी तोंड दिलं. तिथे फेस शंभर टक्के बसतो, कारण वाक्य होकारी आहे.

एका मित्राचं म्हणणं की 'कान्ट फेस' ला 'धजत नाही' वापरा. नाही पटत. धजण्यात भीती आहे, काकूला कशाची भीती होती?

तर ताई, मुलीला सांगा, होकारी असेल तर 'तोंड देणे', नकारी असेल तर 'वत नाही' लावून बघ. फेसच्या पुढे क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' वालं, 'आय कान्ट फेस गोइंग देअर', तिथे 'टू गो' लिहिलं की मार्क जातील. आणि पुढे माणूस आला, 'आय कान्ट फेस हिम', तर आधी मागचं वाक्य वाचायचं. आपण काही चुकलेलो असलो तर 'त्याला तोंड दाखववत नाही', आणि चूक नसून नुसता जीव थकलेला असला तर 'त्याच्यासमोर जाववत नाही'.