एका मुंबईकर वाचकाचे दोन प्रश्न आहेत. नोंदणी संपलेली गाडी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला द्यावी की नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात? आणि जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या नव्या नियमांनी खरंच काही फरक पडतो का?

आधी एक गैरसमज दूर करू. पंधरा वर्षं झाली की गाडी मोडीत काढायलाच हवी, असा नियम मुंबईत नाही. इथे खाजगी गाडी तपासून आरटीओ नोंदणी आणखी 5 वर्षं वाढवून देतं. पण तुमच्याप्रमाणे नोंदणी संपल्यावर गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात उभी केली असेल, तर 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे ती 'आयुर्मान संपलेलं वाहन' ठरते. अशी गाडी 180 दिवसांत नोंदणीकृत केंद्रात किंवा गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकलन केंद्रात जमा करणं ही मालकाची जबाबदारी आहे.

भंगारवाला जास्त रोकड देतोय, असं तुम्ही लिहिलंय. देणारच. गिअरबॉक्स, दरवाजे, डायनामो तो सुटे विकतो, यात गैर काही नाही. चालू पार्ट पुन्हा वापरात येणं हा तर उत्तम पुनर्वापर. फरक उरतो तो गाडीतल्या विषाचा, कारण ते हाताळण्याचा खर्च त्याच्या हिशोबात नसतोच. छोट्या पेट्रोल कारमध्ये 3 ते 4 लिटर इंजिन ऑइल, जवळपास तेवढंच कूलंट, थोडं ब्रेक ऑइल, शिशाची बॅटरी आणि एसीत साधारण अर्धा किलो आर-134ए गॅस असतो. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 1,400 पट तापवणारा. एसीचा पाइप कापला की काही सेकंदांत तो हवेत. ऑइल मातीत आणि पावसाळ्यात मातीतून नाल्यात. तांब्यासाठी वायरिंग जाळलं, तर त्यावरच्या पीव्हीसीच्या धुरात डायऑक्सिन ही अतिविषारी रसायनं येतात आणि तो धूर शेजारच्या वस्तीत जातो.

नोंदणीकृत केंद्रात हेच काम ठरलेल्या क्रमाने व्हायला हवं. पहिल्यांदा बॅटरी काढायची. सीएनजी असेल तर सिलिंडर रिकामा करून उतरवायचा. मग एअरबॅग काढायच्या किंवा जागच्या जागी फोडायच्या. तशाच राहिल्या तर प्रेसमध्ये गाडी दाबताना स्फोट होऊ शकतो. त्यानंतर एसी गॅस मशिनने ओढून टाकीत भरायचा, पेट्रोल आणि सगळी ऑइलं वेगवेगळ्या डब्यांत काढायची. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेगळा जातो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. हे सगळं झाल्याशिवाय गॅस कटर पेटवायचाच नाही. पेट्रोलच्या टाकीत वाफ उरली असताना कटर लावला तर आग ठरलेली. गाडी द्यायला जाल तेव्हा यार्डात नजर टाका: जमीन काँक्रीटची आहे का, एसी गॅस ओढायचं मशिन आहे का आणि ते वापरात दिसतं का.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नियमांचा. 2025 च्या नियमांनी जबाबदारी प्रथमच गाडी बनवणाऱ्यावर टाकली, आणि हे पाऊल मला फार महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या खाजगी गाड्यांत जेवढं पोलाद होतं, त्याच्या किमान 8 टक्के पोलादाच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रं कंपन्यांनी केंद्रांकडून घ्यायची. 2030-31 पासून 13 टक्के, 2035-36 पासून 18 टक्के. व्यावसायिक वाहनांसाठी हिशोब पंधरा वर्षांपूर्वीच्या विक्रीचा.

माझा आक्षेप इथे आहे: मोजमाप फक्त पोलादाचं. पोलाद तर नियम नसतानाही विकलं जात होतं. टायर, बॅटरी आणि वापरलेलं ऑइल यांचे वेगळे नियम आहेत, पण काच, सीटचा फोम, डॅशबोर्डचं प्लास्टिक यांना असा आकडा नाही. तो नसला की डिझाइन करणाऱ्यावर दबाव येत नाही. युरोपात 2015 पासून गाडीच्या वजनाच्या 95 टक्के भागाचा पुन्हा उपयोग व्हावा लागतो, त्यातही किमान 85 टक्के पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण. उरलेल्यातून ऊर्जा काढली तरी चालते. हा हिशोब नव्या मॉडेलला मंजुरी देतानाच तपासतात, म्हणून विचार ड्रॉइंग बोर्डवर सुरू होतो.

साधं उदाहरण बंपरचं. त्याच्या आत 'पीपी टीडी20' असा ठसा असेल, तर ते 20 टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घातलेलं पॉलीप्रॉपिलीन आहे हे तोडणाऱ्याला लगेच कळतं. ठसा नसेल, किंवा दोन जातींचं प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेलं असेल, तर तो माल कचऱ्यातच जातो. वायरिंगचंही तसंच. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, ओढून झटकन निघत नसेल, तर तो गाडीबरोबर प्रेसमध्ये जातो, भट्टीत तांबं पोलादात मिसळतं आणि वितळलेल्या पोलादातून ते परत काढता येत नाही. तांबं वाढलं की गरम रोलिंग करताना पोलादाला भेगा पडतात. मग ते सळयांपुरतं उरतं, नव्या गाडीच्या पत्र्याला चालत नाही. क्लिप की गोंद, हा निर्णय डिझाइनच्या टेबलावर होतो; त्याचे परिणाम वीस वर्षांनी यार्डात दिसतात.

म्हणून माझं उत्तर: नोंदणीकृत केंद्र. आधी कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवा, ई-चलन आणि कर भरून टाका; 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत थकबाकी, गुन्हा किंवा ब्लॅकलिस्टची नोंद दिसली तर अर्ज पुढे सरकत नाही. गाडी दिल्यावर ती जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार करातही सवलत मिळते. खाजगी गाडीसाठी केंद्र सरकारची मर्यादा 25 टक्के, प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल, तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. रोकडीतला फरक काढताना ही रक्कम धरा.

गाडी तोडून झाल्यावर दुसरं, स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र येतं. ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. भंगारवाल्याकडे नेमका हाच कागद नसतो: आरसी तुमच्याच नावावर राहते आणि तुमचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढू शकतो. स्क्रॅपिंग केंद्राला चेसिस नंबरचा कापलेला तुकडा 6 महिने जपून ठेवावा लागतो. फास्टॅग बंद करा आणि विम्याचा नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घ्या.