पोटदुखीची वही

बेटा,

नंदुरबारच्या पोरांच्या मानसिक आरोग्याचा तुझा आराखडा वाचला. तक्ते देखणे झालेत. पण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतले 13 ते 17 वयातलं मानसिक आजाराचं 7.3 टक्के प्रमाण घेऊन तू नंदुरबारच्या पोरांच्या संख्येला गुणलंस, ते खोड. त्या पाहणीच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.

त्यापेक्षा एखाद्या आश्रमशाळेत जा आणि अधीक्षिकाबाईंकडे आजारी मुलांची वही माग. मी एकदा अशीच चाळत बसलो होतो. एकाच मुलीचं नाव, पुढे ‘पोटदुखी’, आणि वार बहुतेक रविवार. रविवारी पालक भेटायला येतात. हिचे आई-बाप गुजरातेत ऊसतोडीला. मी लगेच ‘मानसिक’ लिहून मोकळा झालो. नर्सबाई म्हणाल्या, “साहेब, सिकलसेलची तपासणी झाली का?” झालेली नव्हती. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; सातपुड्यात पोट, हातपाय दुखतात म्हटलं की आधी रक्त बघायचं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुढे रिपोर्ट चांगला आला, पण माझी शरम काही गेली नाही.

तुझी प्रश्नावली पुस्तकी मराठीत आहे. ‘तुला उदास वाटतं का?’ विचारलं की पावरी बोलणारं पोर मान डोलावतं. मोठ्यांपुढे डोलवायचीच असते. धुळ्याकडचं पोर ‘माले करमत नही’ म्हणेल. तेच शब्द घे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा जातंच. दात-डोळ्यांसोबत झोपेचंही विचारायला त्यांना शिकव. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 नंबर भिंतीवर रंगवशील, पण पोराच्या हाती फोन येतो का, आणि बोलताना खोलीत कोण उभं असतं?

पैसा मात्र उपचारांच्या पाठपुराव्याला ठेव. धडगावहून एसटीने घाट उतरून नंदुरबारला यायचं म्हणजे बापाची दिवसाची मजुरी गेली. पहिल्यांदा येतात, गोळ्या संपल्यावर कोण येतंय? ‘दुसऱ्या भेटीला आले’ हा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच. तो सगळ्यात आधी घाल.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. तेव्हा एक फेरी मार आणि मागे राहिलेली पोरं कुणाच्या घरी निजतात, ते लिहून आण. तोवर भरताची वांगीही आलेली असतील.

तुझा,
काका