तरतुदीचा पैसा असतो तरी कुठे?

प्रश्न : माझ्याकडे एका मोठ्या बँकेचे थोडे शेअर आहेत. ‘तरतुदी वाढल्याने तिमाहीचा नफा घटला’, असे बँकेने नुकतेच जाहीर केले. तरतूद म्हणजे बँकेने स्वतःजवळच राखून ठेवलेली रक्कम असेल, तर ती नफ्यातून वजा का करतात? आणि ज्या कर्जांचे हप्ते वेळेवर येत आहेत, त्यांच्यावरही तरतूद कशासाठी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या गृहनिर्माण सोसायटीचा सिंकिंग फंड मुदत ठेवीत असतो आणि सचिवांकडे मागितली तर त्याची पावती पाहायला मिळते. बँकेच्या तरतुदीची अशी पावती कुठेही नसते, कारण ती बाजूला काढलेली रोकडच नव्हे. कर्ज दिले त्याच दिवशी पैसा बँकेबाहेर गेलेला असतो. त्यातला काही भाग परत येणार नाही असा अंदाज आला, की तेवढी रक्कम बँक नफा-तोटा पत्रकात खर्ची टाकते आणि ताळेबंदात त्या कर्जाची किंमत तेवढ्याने उतरवते. ढोबळ एनपीए आणि निव्वळ एनपीए (एनपीए म्हणजे अनुत्पादक, थकलेली कर्जे) असे दोन आकडे आपण वाचता, त्यांच्यातला फरक मुख्यतः या तरतुदींचाच असतो.

किती रक्कम खर्ची टाकायची, हे आपल्याकडे आजवर बहुतांशी कॅलेंडर ठरवत आले आहे. बँकिंग सुधारणांसाठी नेमलेल्या 1991 च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर 1992-93 पासून कर्जांचे वर्गीकरण आणि तरतुदी यांचे नियम लागू झाले, आणि मार्च 2004 पासून 90 दिवसांहून अधिक काळ थकलेले कर्ज अनुत्पादक मानले जाऊ लागले. समजा, एका कारखानदाराकडे 1 कोटीचे कर्ज येणे आहे आणि तारणाची किंमत 60 लाख आहे. कर्ज अनुत्पादक झाल्यावर पहिले वर्षभर ते ‘दुय्यम’ वर्गात राहते आणि पूर्ण रकमेच्या 15 टक्के, म्हणजे 15 लाखांची तरतूद लागते. वर्ष उलटले की ते ‘संशयित’ ठरते. मग तारणाने न झाकलेले 40 लाख पूर्ण धरायचे आणि झाकलेल्या 60 लाखांचे 25 टक्के, म्हणून तरतूद एकदम 55 लाखांवर जाते. त्यानंतरच्या टप्प्यात तारणाच्या भागावरचा दर 40 टक्के होतो आणि तरतूद 64 लाख होते. संशयित होऊन तीन वर्षे लोटली की तारण कितीही भक्कम असले तरी पूर्ण 1 कोटी खर्ची पडतात. कर्जदाराची स्थिती तसूभरही बदललेली नसताना केवळ एक तारीख ओलांडली म्हणून एखाद्या तिमाहीत तरतुदी उसळतात, त्याचे कारण या पायऱ्यांमध्ये आहे. उलट तारणाची किंमत फार घसरल्याचे दिसले, तर मधल्या पायऱ्या न चढता कर्ज थेट संशयित किंवा बुडीत वर्गात टाकावे लागते.

नियमित कर्जांवरची तरतूद त्या मानाने किरकोळ असते : सर्वसाधारण कर्जांवर 0.40 टक्के, घरकर्जांवर 0.25 टक्के, व्यापारी स्थावर मालमत्तेच्या कर्जांवर 1 टक्का. आज हप्ते वेळेवर भरणाऱ्या हजार कर्जदारांपैकी काही जण पुढे थकणार, हे प्रत्येक बँकेला अनुभवाने ठाऊक असते; ते नेमके कोण, एवढेच ठाऊक नसते.

भागधारक या नात्याने केवळ तरतूद वाढली म्हणून आपण घाबरू नये. नवी थकबाकी वाढत असतानाही तरतूद वाढत नसेल, तर ती अधिक काळजीची गोष्ट आहे. 2015 साली रिझर्व्ह बँकेने कर्जांच्या गुणवत्तेची मोठी तपासणी केली, तेव्हा झाकलेली थकबाकी उघड होऊ लागली आणि मार्च 2018 पर्यंत ढोबळ एनपीएचे प्रमाण 11 टक्क्यांच्या वर गेले. ती कर्जे काही 2018 साली बिघडली नव्हती. ती बिघडल्याचे कबूल मात्र उशिरा झाले.

प्रश्न : आता बँका ‘अपेक्षित’ नुकसानीवर तरतूद करणार, असे वाचले. माझे डोंबिवलीतील सदनिकेवर 50 लाखांचे कर्ज आहे. एखादा हप्ता चुकला तर माझ्यावर याचा काय परिणाम होईल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ही पद्धत ‘ईसीएल’ (एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस, म्हणजे अपेक्षित कर्जनुकसान) या नावाने ओळखली जाते. 2008 च्या जागतिक संकटानंतर जुन्या पद्धतीवर मुख्य आक्षेप असा आला, की नुकसान घडल्यावरच ती जागी होते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. त्यातून ‘आयएफआरएस 9’ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक 2014 मध्ये आले आणि 2018 पासून लागू झाले. आपल्याकडे मोठ्या बिगरबँक वित्तीय कंपन्या त्याच वर्षापासून ‘इंड एएस 109’ या भारतीय लेखामानकानुसार हीच पद्धत वापरतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2023 मध्ये चर्चापत्र आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. 1 एप्रिल 2027 ही अंमलाची तारीख आणि नव्या पद्धतीने वाढणाऱ्या तरतुदींचा एकरकमी भार पेलण्यासाठी मार्च 2031 पर्यंतची सवड मसुद्यात सुचवलेली आहे.

हिशेब तीन गोष्टींच्या गुणाकाराचा आहे : कर्जदार थकण्याची शक्यता, थकल्यास तारण विकूनही बुडणारा हिस्सा, आणि त्या वेळी येणे असलेली रक्कम. आपले हप्ते नियमित असताना फक्त पुढील बारा महिन्यांचा विचार होतो. उदाहरणापुरते, थकण्याची शक्यता 2 टक्के आणि बुडणारा हिस्सा 20 टक्के धरला, तर 50 लाखांवर तरतूद 20 हजार येते. हप्ता 30 दिवसांहून अधिक रखडला, किंवा जोखीम लक्षणीय वाढल्याचे अन्य कारण दिसले, की कर्ज दुसऱ्या टप्प्यात जाते आणि बँकेला उरलेल्या संपूर्ण मुदतीचा विचार करावा लागतो. मुदतभरात थकण्याची शक्यता 25 टक्के मानली, तर तरतूद अडीच लाख होते. सध्याच्या नियमाने मात्र 45 दिवस थकलेल्या घरकर्जावरही 0.25 टक्के, म्हणजे साडेबारा हजारच लागतात. तिसऱ्या टप्प्यात कर्ज प्रत्यक्ष अनुत्पादक झालेले असते. 90 दिवसांची ती मर्यादा मसुद्याने बदललेली नाही.

हा बँकेचा खर्च आहे, तो आपल्या कर्जखात्यावर पडत नाही. तरीही पहिल्याच महिन्यात फोन अधिक चिकाटीने येऊ लागतील असे मला वाटते, कारण थकबाकी 30 दिवसांच्या आत मिटवण्यात बँकेचा थेट फायदा असेल. या पद्धतीविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. जुना नियम ठोकळेबाज असला तरी बाहेरचा माणूस त्याचा हिशेब कागदावर पडताळून पाहू शकत असे. आता शक्यतेचे आकडे बँकेच्याच जुन्या नोंदींतून आणि अर्थव्यवस्थेविषयीच्या तिच्याच अंदाजांतून निघतील, आणि नफा वाढवून दाखवण्याची इच्छा असलेल्याला तिथे वाव राहील. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक टप्प्यासाठी तरतुदीची किमान पातळी सुचवली आहे, ती मला म्हणूनच आवश्यक वाटते.

प्रश्न : बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे कर्जदार सुटला काय?
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही. पूर्ण तरतूद झालेले कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते, एवढेच. कर्जदाराचे देणे कायम राहते, तारणावर सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणामार्फत कारवाई चालू राहू शकते आणि पुढे वसूल झालेली रक्कम बँकेच्या उत्पन्नात जमा होते. कर्जमाफी ही वेगळी बाब आहे.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या अहवालात ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ गंगाजळीच्या रांगेत दिसतो. हा राखीव निधी समजावा की तरतूद?
— एक सभासद, गिरगाव

उत्तर : ईसीएलच्या मसुद्यात नागरी सहकारी बँका नाहीत, त्यामुळे आपल्या बँकेला जुने, दिवस मोजणारे नियमच लागू राहतील. या निधीचा घोळ मात्र खरा आहे. काही सहकारी बँका आधी नफा काढत आणि मग नफा-वाटणीत या निधीसाठी रक्कम वर्ग करीत. त्यामुळे खर्चाची बाब नफ्याच्या खाली जाई आणि नफा होता त्याहून मोठा दिसे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये आदेश दिला, की 2024-25 पासून नियमानुसार लागणारी प्रत्येक तरतूद, तिला नाव कोणतेही द्या, नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणूनच दाखवली पाहिजे. त्यानंतर उरलेल्या नफ्यातून या निधीत आणखी भर घालण्यास हरकत नाही. तेव्हा वार्षिक सभेपूर्वी अहवालातील नफा-तोटा पत्रक आणि नफा-वाटणीचा तक्ता शेजारी ठेवून पाहावे, आणि निधीत यंदा पडलेली भर या दोहोंपैकी कुठून आली हे अध्यक्षांना लेखी विचारावे.