ब्लोअर चालतो, पण हवा गार नाही

प्रश्न : गाडीचा एसी लावल्यावर ब्लोअर चालतो, पण कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग) ओढत नाही. फ्यूज शाबूत आहे. गॅस भरून घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. इंजिन आणि एसी चालू ठेवून क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. हात पट्ट्यापासून लांब. १२ ते १४ व्होल्ट मिळत असतील तर अर्थिंग तपासा, मग इंजिन बंद करून, प्लग काढून क्लचच्या कॉइलचा (क्लच ओढणाऱ्या चुंबकाच्या तारेच्या गुंडाळीचा) रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ५ ओहम असतो. मीटर रोध अनंत (OL) दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. व्होल्टेजच येत नसेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले (क्लचला वीज जोडणारा स्विच) लावून पाहा. मग गॅसचा दाब पाहणारा प्रेशर स्विच तपासा. गॅस कमी झाला की तोच सर्किट तोडतो, म्हणून त्याला जम्पर (स्विच टाळून थेट जोडणारी वायर) लावून एसी चालवू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं; गॅस कमी असताना ते मिळालं नाही तर कॉम्प्रेसर जाम होतो.