विचारा बिनधास्त : फेर्मोसेये, वर गाव आणि खाली तळघरं

प्रश्न : मुलगी स्पेनमध्ये सालामांकाला शिकते, सप्टेंबरात तिच्याकडे चाललोय. तिने एका दिवसाचा प्लॅन केलाय, दुएरो नदीची दरी बघायची आणि वाटेत फेर्मोसेये म्हणून गाव आहे ते. त्याला "हजार बोदेगांचं गाव" म्हणतात म्हणे. हे खरं की नुसती टुरिझमवाल्यांची जाहिरात? तासाभरात उरकतं का?

उत्तर : काका, तासाभरात उरकायचं असेल तर सरळ दरीच बघा आणि परत या, कारण वरवर बघितलं तर हे चढउताराच्या अरुंद गल्ल्यांचं, दगडी घरांचं एक गाव आहे, स्पेनमध्ये अशी ढिगाने सापडतील. खरी मजा पायाखाली आहे. अख्खं गाव ग्रॅनाइटच्या खडकावर बसलंय आणि जुन्या लोकांनी घराखालीच तो खडक छिन्नी-हातोड्याने फोडून वाइन ठेवायची तळघरं काढली, तीच बोदेगा. बरोब्बर हजार आहेत का हे मोजत बसू नका, ते टोपणनाव आहे, पण जाहिरात नाही हो, घरोघरी खाली काही ना काही आहेच.

मी ज्या बोदेगात उतरलो तिचं दार इतकं बुटकं होतं की मला वाटलं लाकडं ठेवायची खोली असेल. आत खडकातच कोरलेल्या पायऱ्या, ओल्या, मधोमध झिजलेल्या, वर दगडी कमान आणि भिंतीवर छिन्नीचे तिरके ओरखडे अजून जसेच्या तसे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि खाली दहा मिनिटांत मला जॅकेट हवं झालं. हा गारवाच कामाचा, बारा महिने तापमान फारसं हलत नाही म्हणून वाइन टिकते. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, खाली साचून बसतो, त्यामुळे अशा तळघरात उतरताना पुढे मेणबत्ती धरायची जुनी पद्धत, ज्योत विझली की आल्या पावली मागे फिरायचं. तुम्ही सप्टेंबरात जाताय, म्हणजे तोडणीचे दिवस, तेव्हा मालक "आत्ता खाली नको" म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि हो, बऱ्याच बोदेगा लोकांच्या खाजगी आहेत, आधी फोन करून वेळ ठरवा. दुपारी गाव चिडीचूप असतं.

प्रश्न : फोटोत दरीच्या उतारावर दगडी बांध घालून द्राक्षं लावलेली दिसतात. वर एवढं सपाट पठार असताना हा उपद्व्याप कशाला केला असेल?

उत्तर : ताई, थंडीमुळे. फेर्मोसेये ज्या सामोरा प्रांतात आहे त्याचं पठार हिवाळ्यात गोठतं, दरी मात्र खोल आणि आडोशाची, त्यामुळे वरच्यापेक्षा चांगलीच उबदार, इतकी की तिथे ऑलिव्ह आणि बदामसुद्धा होतात. वरती जिथे गहू आणि गुरं, तिथून थोडं खाली उतरलं की भूमध्य समुद्राकाठी आल्यासारखं वाटतं. मग लोकांनी चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचून बांध घातले, त्यामागे माती अडवली आणि वेली लावल्या. मशीन जाणार नाही तिथे, सगळं माणसाच्या आणि खेचराच्या पाठीवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा किडीने स्पेनमधल्या द्राक्षवेलींच्या मुळांची वाट लावली, पुढे विसाव्या शतकात तरुण पोरं शहरात निघून गेली आणि पुष्कळ बांध ओसाड पडले. आजही मिरादोरवरून, म्हणजे दरी बघायच्या कठड्यावरून बघा, एखादी हिरवी पायरी आणि तिच्या शेजारी झुडपांनी गिळलेल्या चार. मला तर फोटोतल्या नदीपेक्षा हेच दृश्य जास्त लक्षात राहिलंय.

प्रश्न : तिथे कोणती वाइन मागवायची? आम्हाला फक्त रिओहा माहीत! दुकानात रिबेरा देल दुएरो दिसली, तीच ना?

उत्तर : नाही नाही, इथे सगळेच फसतात. रिबेरा देल दुएरो त्याच नदीवर आहे पण बरीच वरच्या अंगाला, पूर्वेकडे. तुम्हाला बाटलीवर "आरिबेस" लिहिलेलं हवं, या भागाच्या वाइनला या नावाचा अधिकृत दर्जा 2007 साली मिळाला. लालमध्ये हुआन गार्सिया मागा. नाव ऐकून कोणी शेजारचे काका वाटतात, पण ती इथली खास द्राक्षाची जात आहे, घोस दाट, साल पातळ, त्यामुळे पाऊस लांबला की लगेच कुजते आणि शेतकऱ्याचा जीव टांगणीला. वाइन हलकी, ताजी, भारदस्त वगैरे अजिबात नाही आणि मला तेच आवडतं. ब्रुन्याल दिसली तर तीही घ्या, तिचे घोस बारके आणि पीक कमी म्हणून महाग असते. गाडी चालवणाऱ्याने मात्र तोंडात घोळवून थुंकायची, तिथे त्यात कोणालाही काही वाटत नाही.

प्रश्न : किल्ला आहे असं वाचलं. लहान मुलांना दाखवण्यासारखा आहे का? आणि बोट मिळते का?

उत्तर : किल्ला दोन्या उर्राका या जुन्या काळच्या राजकन्येच्या नावाचा, पण उरलेत अवशेषच. 1520 च्या सुमारास कोमुनेरोस म्हणजे कास्तीलच्या शहरांतल्या बंडखोरांनी राजा पहिला कार्लोस याच्याविरुद्ध बंड केलं, सामोराचा बिशप आकुन्या त्यात पुढे होता, आणि ते बंड मोडल्यावर किल्लाही मोडला. मुलांना भिंती दाखवण्यापेक्षा तिथून दरी दाखवा, डोक्यावर गिधाडं घिरट्या घालताना दिसली की ती खूश.

बोट हवी असेल तर पोर्तुगालमधल्या मिरांदा दो डोरोहून किंवा आल्देआदाविलाजवळून मिळते. पाणी संथच असतं, धरणांनी नदी कधीच शांत करून टाकलीय. इथे नदी हीच सीमा, त्यामुळे पोर्तुगालला जायचं तर जवळच्या बेमपोस्ता धरणावरून गाडी थेट पलीकडे जाते, फक्त घड्याळ तिकडे एक तास मागे असतं हे विसरू नका. तिकडून साडेतीनला निघालात की इकडे साडेचार वाजून गेलेले असतात आणि बोदेगावाल्याला चारची वेळ दिली असेल तर ती हुकली म्हणून समजा. माझी हुकली होती.